मापाची वही

वहीत अजून आहे:
इरबा शेकापूरकर. डोकं साडेतेवीस. मान अठरा.
पुढं पेन्सिलीनं, माझ्याच अक्षरात – मेक्सिको.

मानेला टेप पुरली, पण आत बोट जाईना.
पैलवानाची मान मोजणं म्हणजे
वडाला दोरा गुंडाळणं.
कंधारच्या माझ्या दुकानात तो स्टुलावर बसला
आणि स्टूल बोललं.

माळेगावच्या यात्रेत दोनदा फेटा घेतलेला गडी.
तिसऱ्या साली गुडघा गेला.
मग काय, तालमीची राखण, पोरांच्या अंगाला तेल.
तेवढ्यात हैदराबादेहून जब्बार ठेकेदार आला.
म्हणला, फ्रीस्टाइल. तिकिटाची. दोरीच्या चौकात.
रोजचे तीस रुपये, मटण वेगळं.
फक्त तोंड झाकायचं
अन् हरायचं.

"तोंड कामून झाकायचं?"
"मी मेक्सिकोचा हाव म्हणं."
"कुठं आलं ते?"
त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडराकडं पाहिलं.
"आदिलाबादच्या पलीकडं आसंल."

लाल साटीन होतं, वरातीच्या घोड्याच्या झुलीतून उरलेलं.
डोळ्यांभोवती जर लावली.
कानांपाशी अडलो.
त्याचे कान तालमीत फुटलेले,
सुकल्या अंजिरासारखे गोळा झालेले.
तिथं दोन्हीकडं बोटभर कापड जास्त सोडलं.
तोंडाचं भोक मोठं ठेवायला त्यानंच सांगितलं,
तंबाखूसाठी.

पाच वर्षं.
जालना, परतूर, सेलू, परळी, उदगीर.
रिक्षातला भोंगा ओरडायचा – समुंदर पार का शैतान!
पोरं शेण फेकायची, बाया बोटं मोडायच्या,
तो गुरगुरायचा.
बोलायचं नाही, असा करार होता.
माणूस बोलला की त्याचं गाव कळतं.
खेळ संपल्यावर ट्रकच्या आडोशाला बसून
मुखवट्यातूनच भाकरी खायचा.
सहा महिन्याला एकदा उसवलेलं साटीन माझ्याकडं यायचं,
घामाचं, तंबाखूचं, कधी रक्ताचं.
मी धुऊन शिवायचो.
पैसे घेत होतो, खोटं कशाला बोलू.

परभणीचं मात्र मी डोळ्यांनी पाहिलं,
फुकटच्या पासावर, तिसऱ्या रांगेतून.
समोर दिल्लीचा शेर – तो खरा वाशिमचा –
त्यानं ठरल्यापेक्षा हात जास्त पिळला.
खांदा निघाला.
अन् मेक्सिको ओरडला,
"आय्यो माय गंऽ, मेलो वं माय!"

भोंग्याची वायर तुटावी तसं मैदान.
मग मागून एक शेंगावाली,
"आगं, हे तर आपल्याच हिकडचं लेकरू हाय!"
अन् शिट्ट्या.
इतक्या शिट्ट्या शेराला कधी पडल्या नव्हत्या.
इरबा उठला. एक हात लोंबतोय,
गेलेल्या गुडघ्यानंच त्यानं आकडी लावली,
खरी, मातीतली.
शेर आभाळ बघत पडला.
ठेकेदारानं पंधरा दिवसांचा पगार कापला
अन् त्याला तिथंच सोडून ट्रक पुढं नेला.

नंतर मोंढ्यात राखणदारी.
थंडीत खांदा धरून बसायचा.
कुणी मधल्या वर्षांचं विचारलं तर म्हणायचा,
"परदेशात होतो."

गेल्या आठवड्यात त्याची लेक आली, सोजर.
पोराच्या शाळेत गॅदरिंग आहे, मुखवटा लहान करा.
डोकं वीस.
शिवण उसवली, मागून आत घेतलं,
मानेपाशी तर निम्मंच ठेवलं.
कानांवर हात थांबला.
पोराचे कान कोवळे, पिंपळपानासारखे चपटे.
"काका, हितं फुगायलंय," सोजर म्हणली.
"फुगू दे."

पोरगं आरशापुढं जाऊन गुरगुरलं.
मग आतूनच विचारलं,
"बाबा, मेक्सिकोत काय बोलतेत?"
मी सुईत दोरा ओवत होतो.
ओवेना.